गोष्ट सांगा, तात्पर्य राहू द्या

पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाला नेलेलं लेकरू देवळातून बाहेर येतं ते प्रश्न घेऊनच. देवाचं तोंड सिंहाचं कामून? तो खांबात बसला कसा? आणि त्या पोराला त्याचा स्वतःचा बापच मारायला उठला होता? परभणी–परळी लोहमार्गावर परभणी आणि गंगाखेडच्या मधे या गावाचं स्टेशन आहे, आणि स्टेशनाच्या नावातही गावाबरोबर नृसिंह आहेच. वैशाख शुद्ध चतुर्दशीला, ऐन उन्हाळ्यात, नृसिंह जयंती येते. शाळेला सुट्टी असते, घरात आजोळी आलेली पोरं असतात. गोष्ट सांगायला याहून चांगला मोका नाही.

पण घाईत आपण काय सांगतो? "देवाची भक्ती केली की देव धावून येतो. म्हणून रोज नमस्कार करायचा आणि मोठ्यांचं ऐकायचं." या उत्तरात एक अडचण आहे. प्रल्हादाने मोठ्यांचं ऐकलं नव्हतं. बापाचं नाही, गुरुजींचं नाही. मुलाच्या ते लक्षात येतं. ते बोलत नाही एवढंच.

आपल्या जुन्या गोष्टी मुलांना संस्कार देतात, हे सगळेच म्हणतात. कोणता संस्कार, हे फारसं कुणी विचारत नाही. गोष्टी नीट ऐकल्या तर दिसतं की त्यांत बहुतेक वेळा एक लहान जीव मोठ्या ताकदीपुढे उभा असतो: बापापुढे प्रल्हाद, वाघापुढे भोपळ्यातली म्हातारी, राजापुढे टोपीवाला उंदीर. "मुकाट ऐक" एवढाच या गोष्टींचा धडा असता तर त्या इतकी वर्षं टिकल्याच नसत्या. बरोबर काय ते ओळखायचं, आणि त्यासाठी शक्ती नसेल तर युक्ती आणि युक्ती नसेल तर धीर वापरायचा, हे त्या शिकवतात. आई-वडील, आजी-आजोबा, अंगणवाडीताई आणि शिक्षक यांना या गोष्टींचा मुलांसाठी खरा उपयोग कसा करता येईल, यासाठी पुढच्या काही सूचना.

वय पाहून गोष्ट निवडा

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना साखळीच्या गोष्टी सांगाव्यात. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं, प्रत्येक वेळी एक नवा कोणीतरी भेटतो, आणि पुढे काय होणार हे मुलाला आधीच कळलेलं असतं. त्यातच त्याला मजा येते. चिमणी-कावळा, म्हातारी आणि भोपळा, उंदराची टोपी या तिन्ही गोष्टी त्यासाठी उत्तम. उंदराला चिंधी सापडते, तो ती धुऊन घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, आणि राजाला ती टोपी हिसकावून घ्यावीशी वाटते. मग उंदीर गावभर राजाची अब्रू काढत फिरतो. शेवटी टोपी परत करायची वेळ राजावरच येते, आणि उंदीर त्यावरही त्याची खिल्ली उडवतो. चार वर्षांच्या मुलाला यातलं राजकारण कळत नाही, पण आपली वस्तू कुणी घेतली तर बोलायचं असतं, हे पक्कं कळतं.

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना युक्तीच्या गोष्टी द्या. माकड आणि मगर, ससा आणि सिंह, बिरबल, तेनालीराम. माकड आणि मगरीची गोष्ट पंचतंत्रात आहे तशी जातककथांतही आहे. वर्गात बौद्ध घरातली मुलं असतील तर हे आवर्जून सांगा. ती गोष्ट आपलीही आहे हे कळल्यावर मूल पुढे सरकून बसतं. परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा मुल्ला नसरुद्दीन किंवा शेखचिल्लीची गोष्ट काढा. एखाद्या मुलाच्या घरी ती दखनीत सांगत असतील, तर त्यालाच सांगू द्या.

नऊ ते बारा हे वय पेचाच्या गोष्टींचं. प्रल्हाद, हरिश्चंद्र, खुलभर दुधाची कहाणी, हत्ती आणि आंधळे. या गोष्टींत एकाच वेळी दोन बरोबर गोष्टी समोरासमोर येतात. हरिश्चंद्राने शब्द पाळला, पण त्याची किंमत तारामती आणि रोहिदासाने मोजली. हे बरोबर झालं का? गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे की लहानपणी हरिश्चंद्राचं नाटक पाहिल्यावर ते मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा खेळत राहिले. गोष्ट अशी आत राहून काम करते. त्यासाठी ती मुलाला थोडी अस्वस्थ करणारी हवी.

पोखर्णीची गोष्ट तीन बैठकांत

प्रल्हादाची गोष्ट एका दमात सांगितली तर फक्त शेवटचं फाडणं लक्षात राहतं. ती तीन संध्याकाळी सांगा.

पहिल्या दिवशी फक्त वराची गोष्ट सांगा. प्रल्हादाच्या बापाने, हिरण्यकशिपूने, मागितलं: मला माणसाने मारू नये, जनावराने मारू नये, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, कोणत्या शस्त्राने नाही. पाचही अटी पाटीवर लिहा आणि थांबा. "आता याला मारायचं कसं? वाट शोधा." मुलं रात्रभर विचार करतात. एखादं उंबरठ्यावर उभं राहून विचारतं, "मी आता घरात आहे का बाहेर?" एखादं दिवेलागणीला अंगणात येऊन म्हणतं, "हा दिवस का रात्र?" कोडं त्यांनी सोडवलं की गोष्ट त्यांची झाली. आणि न सांगता एक गोष्ट कळते: सगळ्या वाटा बंद केल्या असं ज्याला वाटतं, त्याच्याकडूनही एक फट राहतेच.

दुसऱ्या दिवशी प्रल्हादाच्या शाळेत जा. शंड आणि अमर्क हे त्याचे गुरुजी, शुक्राचार्यांचे मुलगे. राजाच्या मुलाला राज्य कसं करावं ते शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. गुरुजी कामासाठी बाहेर गेले की प्रल्हाद वर्गातल्या पोरांना गोळा करून आपल्याला पटलेलं सांगायचा. हा तपशील भागवताच्या सातव्या स्कंधात आहे, आणि मुलांना तो फार आवडतो, कारण गुरुजी बाहेर गेल्यावर वर्गात काय होतं हे त्यांना चांगलं माहीत असतं. मग बापाने त्याला कसं धमकावलं ते सांगा. हत्ती, विष, कडा ही यादी लांबवू नका. होळीच्या दिवसांत सांगत असाल तर होलिकेचा भाग इथेच घ्या. ती त्याची आत्या होती, हे मुलांना बहुधा माहीत नसतं.

तिसऱ्या दिवशी खांब. बापाने विचारलं, "तुझा देव या खांबात आहे का?" आणि पोराने "आहे" म्हटलं. इथे पुन्हा थांबा. "त्या वेळी 'नाही' म्हटलं असतं तर तो वाचला असता. मग का नाही म्हटलं?" उत्तर लगेच येणार नाही, येऊ देऊ नका. मग पहिल्या दिवशीच्या पाचही अटी पुसून टाका: धड माणसाचं, तोंड सिंहाचं, संध्याकाळ, उंबरठा, मांडी, नखं. मारण्याचं वर्णन एका वाक्यात उरका. मुलाला आतडी-रक्त लागत नाही, त्याला फक्त अन्याय संपलेला हवा असतो.

गोष्ट इथे संपत नाही, पण बहुतेक जण इथेच संपवतात. पुढे असं आहे की नृसिंहाचा राग शांत होईना. देव घाबरले, लक्ष्मीही जवळ जायला धजली नाही. शेवटी प्रल्हाद पुढे गेला. आणि वर माग म्हटल्यावर त्याने आपल्या बापाला पापातून मुक्त करावं, हे मागितलं. ज्या बापाने मारायचा प्रयत्न केला, त्याच्यासाठी. एखादं बेरकी पोरगं म्हणेल, "मंग मी पण तुमचं ऐकणार न्हाई." त्याला विचारा: "प्रल्हादाने बापाची कोणती गोष्ट ऐकली नाही? आणि बापावर राग धरला का?" बापाचं न ऐकणं आणि बापाचा तिरस्कार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावायला याहून सोपी जागा मिळणार नाही.

तात्पर्य का नको

मराठी गद्याच्या अगदी आरंभीचं एक पुस्तक म्हणजे दृष्टांतपाठ. तेराव्या शतकात गोदाकाठी फिरलेल्या चक्रधरस्वामींचे दृष्टांत केशिराजबासांनी त्यात एकत्र केले. त्याची रचना अशी आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा उलगडा. मोठ्या शिष्यांना तत्त्वज्ञान समजावायचं होतं, तिथे ही रचना योग्यच. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची मराठी इसापनीती आली. शाळेच्या पुस्तकांतून गोष्टीखाली तात्पर्य वाचायची सवय आपल्याला लागली, आणि ती परीक्षेपर्यंत पोहोचली: "या कथेतून काय बोध होतो? दोन ओळींत लिहा."

त्याविरुद्ध बोलणारी माणसंही आपल्याकडेच झाली. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. गोष्टीचा पहिला उद्देश आनंद, हे त्यांनी आग्रहाने मांडलं. नीतीचा उपदेश करायला गोष्टीला वेठीस धरू नये असं त्यांचं मत होतं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी तो विचार मराठीत आणला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९४५ मध्ये बोर्डीचं केंद्र, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांबरोबर काम, सोबतीला अनुताई वाघ. आज पोखर्णीसारख्या गावात जी अंगणवाडी भरते, तिची कल्पना या कामातून वाढली. त्या अंगणवाडीत गोष्टीनंतर "मग बाळांनो, यातून काय शिकलो?" हा प्रश्न रोज विचारला जावा, हे त्या परंपरेला शोभणारं नाही.

ही केवळ मताची बाब नाही. टोरोंटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना सांगितलं की मागे वळून खेळणं बघायचं नाही, आणि त्यांना थोडा वेळ एकटं ठेवलं. बरीच मुलं बघतात. मग कुणाला 'लांडगा आला रे आला', कुणाला पिनोकिओ, कुणाला जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाची गोष्ट सांगून विचारलं: बघितलंस का? खोटं बोलणाऱ्याला लांडग्याने धडा शिकवला किंवा त्याचं नाक वाढलं, या गोष्टींचा परिणाम झाला नाही. खरं बोलल्याबद्दल बापाने शाबासकी दिलेल्या वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त प्रमाणात खरं बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून शिक्षेचा केला, तेव्हा तो परिणामही गेला. शिक्षेची गोष्ट मुलाला बहुधा एवढंच शिकवते की सापडायचं नाही.

म्हणून खरेपणासाठी गोष्ट निवडताना 'लांडगा आला' मागे ठेवा आणि लाकूडतोड्याची कुऱ्हाड पुढे आणा. त्यातही एक प्रश्न ठेवा: "सोन्याची कुऱ्हाड मिळणार हे माहीत असतं, तर त्याच्या खरेपणाला काही किंमत राहिली असती का?"

त्याच विद्यापीठातल्या आणखी एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची गोष्ट दोन प्रकारे सांगितली, एकदा प्राण्यांची आणि एकदा माणसांची. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपले स्टिकर जास्त वाटले. याचा अर्थ पंचतंत्र बाजूला ठेवा असा नाही. कोल्हा म्हणजे कोण, हे लहान मुलाला आपोआप कळेलच असं धरून चालू नका. गोष्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी, सहज: "आपल्या गल्लीत असं कधी झालं का?" एवढा पूल बांधून द्या. पलीकडे जायचं काम मुलाचं.

तात्पर्याऐवजी प्रश्न

चांगला प्रश्न ओळखायची एकच खूण: त्याचं उत्तर तुम्हालाही पक्कं माहीत नसतं.

भोपळ्यातली म्हातारी घ्या. ती वाघाला सांगते, "मी लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा." परत येताना ती भोपळ्यात बसून निघून जाते. विचारा: म्हातारी खोटं बोलली का? जीव वाचवायला बोललेलं खोटं चालतं का? मग गृहपाठ केला नाही म्हणून बाईंना सांगितलेलं चालतं का? इथे मुलं भांडतात, आणि भांडू द्यावीत. चौथीतलं एखादं मूल म्हणतं, "वाघ खाणार होता, बाई खाणार नाहीत." नीतिशास्त्रातला कठीण प्रश्न त्याने एका वाक्यात मांडलेला असतो.

चिमणी-कावळ्याचं तसंच. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या मेणाच्या घराचं दार वाजवतो. चिमणी आत बाळाची न्हाऊमाखू, तीट-काजळ करत राहते आणि तो भिजत राहतो. काही घरांत शेवटी ती त्याला आत घेते, काही घरांत त्याला चुलीपाशी बसवते आणि तो भाजतो. आपण नकळत चिमणीला शहाणी आणि कावळ्याला मूर्ख ठरवलेलं असतं. मुलांना विचारा: चिमणीने वेळ काढला ते बरोबर होतं का? ज्यांच्या घरावरचे पत्रे उडाले, नाल्याच्या पुरात ज्यांचं घर गेलं, ते दार वाजवायला आले तर? अवकाळी पावसात हा प्रसंग आपल्या भागात काही फक्त गोष्टीतला नसतो.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट चक्रधरांच्या दृष्टांतांतही आहे. ती सांगण्याऐवजी खेळून घ्या. मुलांच्या डोळ्यांना पट्टी बांधा, बैलगाडी किंवा ट्रॅक्टरचा वेगवेगळा भाग हाताला लागू द्या आणि काय आहे ते सांगायला लावा. शेवटी पट्टी सोडा. मग एकच प्रश्न: "खोटं कोण बोललं?" कुणीच नाही, हे त्यांनाच सापडतं.

खुलभर दूध, आणि आपलं पाणी

श्रावणी सोमवारची ही कहाणी मला सगळ्या व्रतकथांत मोठी वाटते. आटपाट नगरचा राजा ठरवतो की महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा. दवंडी पिटते: घराघरातलं सगळं दूध देवळात आणा. लोक भीतीने सगळं दूध नेऊन ओततात. वासरं उपाशी, पोरं उपाशी, आणि गाभारा काही भरत नाही. मग एक म्हातारी येते. तिने आधी घरचं काम उरकलेलं, मुलाबाळांना दूध दिलेलं, वासरांना पाजलेलं. उरलेलं खुलभर दूध ती पिंडीवर ओतते, आणि गाभारा भरतो. राजाला कळत नाही हे कुणामुळे झालं. पुढच्या सोमवारीही तेच होतं. शेवटी तिला गाठून विचारलं तेव्हा ती निर्भयपणे सांगते की पोराबाळांचे, वासरांचे तळतळाट लागले तर देव कसा पावेल.

ही कहाणी सांगून झाल्यावर "दान मनापासून द्यावं" असं म्हणू नका. विचारा: "राजाने तर दूध देवासाठीच मागितलं होतं, मग त्याची चूक कुठे झाली?" नऊ-दहा वर्षांची मुलं हळूहळू तिथे पोहोचतात की चांगल्या कामासाठी केलेली जबरदस्तीही जबरदस्तीच असते. मग आपल्याकडे या: उन्हाळ्यात टँकर आला, पाणी कमी आहे, आधी कुणाला? म्हातारीची रीत लावली तर हंडे कोणत्या क्रमाने भरतील? मराठवाड्यातल्या मुलांइतकं पाण्याबद्दल कुणाला माहीत असतं? त्यांना हा विचार पुस्तकातला वाटत नाही.

खटकतं ते लपवू नका

जुन्या गोष्टींत बरंच काही खटकणारं आहे. सावत्र आई हमखास दुष्ट. नावडती राणी व्रत करते तेव्हाच सुखी होते. मुलगी गोष्टीत येते ती लग्न लावून देण्यापुरती. कुणाच्या जातीवरून, रंगावरून, अंगावरून हसू आणलेलं असतं. काही लोक म्हणतात बदलू नका, परंपरा आहे. काही म्हणतात या गोष्टीच सांगू नका.

मधली वाट सोपी आहे. पाच वर्षांखालच्या मुलासाठी बिनदिक्कत बदला. आज्यांनी हे नेहमीच केलं आहे, म्हणूनच प्रत्येक घरचा कावळा वेगळा. मोठ्या मुलांना मूळ गोष्ट सांगा आणि ती न्यायाला बसवा: "नावडतीचा गुन्हा काय होता? राजाला कुणी विचारलं का?" वर्गात कोण बसलं आहे तेही पाहा. दृष्टी नसलेलं मूल असेल तर हत्तीच्या गोष्टीत 'आंधळे' नकोत, 'डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं' म्हणा. ज्याच्या घरी सावत्र आई जीव लावते, त्याच्यासमोर दुष्ट सावत्र आईची गोष्ट काढू नका.

भीतीचंही भान ठेवा. झोपायच्या वेळी राक्षसाला मारून टाकल्याशिवाय गोष्ट थांबवू नये. उद्याचा भाग उद्या, हे ठीक. पण वाघ दारात उभा असताना दिवा मालवू नका.

सांगायची रीत

गोष्ट आपल्या बोलीत सांगा. परभणीकडच्या आजीचा वाघ 'कुठे चाललीस म्हातारे' म्हणत नाही, तो 'कुठं चाललीस गं बुढे' असं विचारतो. मपलं, तुपलं, कामून हे शब्द गोष्टीत आले की मुलाला कळतं की आपल्या घरची भाषा गोष्टीलाही चालते. प्रमाण मराठी पुस्तकात शिकायला आहेच.

हुंकार मागून घ्या. "हूं म्हणत जा" ही जुनी अट उगाच नव्हती. हुंकार थांबला की मूल झोपलं किंवा भरकटलं, हे अंधारातही कळतं. साखळीच्या गोष्टीत पुन्हा येणारं वाक्य मुलालाच म्हणू द्या. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर कंटाळू नका. लहान मूल पुन्हा ऐकतं तेव्हा मागच्या वेळी न कळलेला धागा पकडत असतं. त्यात एखादी चूक मुद्दाम करा, ते लगेच दुरुस्त करेल.

गोष्ट शिक्षा म्हणून वापरू नका. मुलाने आजच चोरी केली आणि रात्री तुम्ही चोराची गोष्ट काढली, तर त्याला गोष्टीमागचं बोट दिसतं. आठवडा जाऊ द्या.

जत्रेतला गोंधळ, वासुदेव, कीर्तन दाखवा. परभणीचे गोंधळी राजारामबापू कदम यांनी आख्यान सांगायची कला कशी जपली, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारलं तर ते सांगतील. मंचावर एक माणूस राजा होतो, तोच राणी होतो, हे पाहिलेलं मूल दुसऱ्या दिवशी ओसरीवर तेच करतं.

गावातल्या गोष्टी टिपून ठेवा

दुर्गा भागवतांचं 'लोकसाहित्याची रूपरेषा' १९५६ मध्ये आलं. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून महाराष्ट्रभरचं मौखिक साहित्य छापून आणलं. मराठवाड्यात डॉ. प्रभाकर मांडे यांनी हयात या अभ्यासात घालवली. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही तुमच्या गल्लीतल्या आजीची गोष्ट यांपैकी कुठल्याही ग्रंथात असेलच असं नाही.

ऊसतोडीला आई-वडील गेले की आपल्या भागातली बरीच लेकरं हंगामभर आजी-आजोबांकडे असतात. त्या महिन्यांत शाळेने एक साधं काम द्यावं: घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून एक गोष्ट ऐकून यायची. मोबाइलवर रेकॉर्ड करायची, सांगणाऱ्याची परवानगी घ्यायची, गावाचं नाव आणि वर्ष लिहायचं. बोली सुधारायची नाही. एकाच गोष्टीचे तीन शेवट मिळाले तर तिन्ही ठेवायचे आणि वर्गात वाचून दाखवायचे. कोणता शेवट न्यायाचा, यावर एक तास सहज जातो. छापील गोष्टी कमी पडत असतील तर प्रथम बुक्सच्या 'स्टोरीविव्हर'वर मराठी गोष्टी मोफत मिळतात. आधी घरातली संपवा, मग तिकडे जा.

सुरुवात एका गोष्टीने करा. तीन गोष्टी नीट येत असतील तर वर्षभर पुरतात. त्या सांगताना मुलाला जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा, त्याचं उत्तर आपल्याला पटलं नाही तरी पुरतं ऐका. आणि पोखर्णीला जाल तेव्हा दर्शनाआधीच पाच अटींचं कोडं घालून ठेवा. उत्तर शोधत रांगेत उभं राहिलेलं लेकरू तुमच्या तात्पर्याची वाट पाहणार नाही.